रत्नागिरीच्या वाटा आणि सायकलचा प्रवास

रत्नागिरी जिल्ह्याचा विषय निघाला म्हणजे प्रथम थोर माणसांची नावे ओठावर येतात. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, केशवसुत मालगुंडचे, महर्षी कर्वे मुरूडचे. ही नावे आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. परंतु यांपैकी बहुतेकांचे कार्य जिल्ह्याबाहेर घडले, ही गोष्ट आपल्या फारशी ध्यानात येत नाही. टिळक दहा वर्षांचे असतानाच, १८६६ साली, वडिलांबरोबर पुण्यास गेले. जी माणसे गेली ती कोणत्या वाटांनी गेली, आणि जी मागे राहिली त्यांना आपल्या गावाहून शेजारच्या गावी जावयास कोणती वाट होती, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. आज थंडीच्या दिवसांत पुण्यामुंबईकडील व जिल्ह्यातीलही पुष्कळ मंडळी सायकली घेऊन हा मुलूख पाहतात. त्यांच्या मार्गांच्या निमित्ताने आम्ही तो प्रश्न येथे मांडणार आहोत.

प्रथम भूमीची रचना पाहू. पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस समुद्र आणि मध्ये जांभ्या दगडाचे सडे. हे सडे शंभर-दोनशे मीटर उंचीचे, वर सपाट व उघडे, आणि कडेला एकदम तुटलेले. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या त्यांना आडव्या कापीत समुद्रास मिळतात आणि मुखाशी त्यांच्या खाड्या होतात. उत्तरेकडून मोजू लागलो तर बाणकोटला सावित्री, आंजर्ल्याला जोग, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्याला काजळी, पूर्णगडला मुचकुंदी आणि जैतापूरला राजापूरची खाडी. म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ पाहणाऱ्यास खाडी, चढण, सडा, उतार आणि पुन्हा खाडी हाच क्रम सतत भेटतो. सायकलवाल्यास तो पुस्तकातून शिकावा लागत नाही. त्याच्या मांड्या त्याला तो शिकवितात.

या रचनेमुळे जिल्ह्यातील जुन्या मोठ्या वाटा पूर्वपश्चिम झाल्या. गलबते खाडीतून भरतीबरोबर आत येत, माल खाडीच्या टोकाशी उतरे आणि तेथून बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जाई. दाभोळचा माल वाशिष्ठीतून चिपळुणास आणि कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे जात असे. दाभोळ हे त्या काळी जगाला ठाऊक असलेले बंदर होते. पंधराव्या शतकात बहामनी राज्यात आलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन याने परतीचे जहाज दाभोळलाच धरले. राजापूरही असेच खाडीच्या टोकाचे गाव. तेथे इंग्रजांची वखार होती आणि शिवाजीमहाराजांनी १६६१ साली ती लुटली. राजापुराहून अणस्कुरा घाटाने देशावर जाता येई. त्या घाटातील जुन्या वाटेवर दगडी फरसबंदी आजही दिसते. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि राजापूरचे बंदरपण सरले.

उत्तरदक्षिण प्रवास मात्र समुद्रावरून होई. आगबोटी आल्यावर मुंबईहून निघालेला चाकरमानी हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर अशा बंदरांपैकी आपले बंदर आले की आगबोटीतून पडावात आणि पडावातून किनाऱ्यावर उतरत असे. मुंबईच्या गिरण्या ज्या कामगारांच्या जिवावर चालल्या, त्यांत रत्नागिरीकरांचा भरणा फार मोठा होता, आणि त्यांची पहिली वाट ही समुद्राची वाट होती. पावसाळ्यात ती बंद पडे. मग काय करावे लागे, हे कर्व्यांच्या चरित्रात पाहावे. १८७५ च्या सुमारास त्यांना एका परीक्षेस बसावयाचे होते. पावसाळी समुद्रामुळे मुंबई गाठता येईना. तेव्हा ते सोबत्यांबरोबर पायी निघाले आणि सुमारे ११० मैल चालून, सह्याद्री ओलांडून, साताऱ्यास पोचले. तेथे, वय लहान दिसते, या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही! ज्या मुलखातून बाहेर पडावयास एवढे कष्ट, तो मुलूख सरकारला मात्र दुसऱ्या कामासाठी सोयीचा वाटला. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला १८८६ पासून त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९१६ पर्यंत, इंग्रजांनी रत्नागिरीत ठेवले. सावरकरांना १९२४ ते १९३७ या काळात याच जिल्ह्यात स्थानबद्ध केले. या निवडीत जिल्ह्याच्या दुर्गमतेचा हिशेब असावा, असे आम्हांस वाटते.

आता सायकलकडे वळू. दोन सारख्या चाकांची आणि साखळीची आजच्या घडणीची सायकल इंग्लंडमध्ये १८८५ साली स्टार्ली याने बाजारात आणली, आणि १८८८ साली डनलॉपने हवा भरलेली धाव काढली. त्याच १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान घातले. महाराष्ट्रातील एका मोठ्या कारखानदारीचा उगम या दुकानात आहे. सायकलने किती दूर जाता येते हे मुंबईच्या पारशी तरुणांनी दाखविले. १९२३ च्या ऑक्टोबरात सहा जण जगप्रवासास निघाले आणि त्यांपैकी हकीम, बापासोला व भमगरा हे तिघे प्रदक्षिणा पुरी करून १९२८ च्या मार्चमध्ये मुंबईस परतले.

अशा या वाहनाचा रत्नागिरीशी मेळ कसा बसावा? चढणीवर ते निरुपयोगी, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु त्याचा एक गुण या भूमीस फार मानवतो. सायकल हातात धरून चालता येते, खांद्यावर घेता येते आणि तरीच्या होडीत ठेवता येते. मोटारीला खाडीवर पूल पाहिजे. सायकलला तर पुरते. म्हणून जेथे मोटाररस्ता खाडीशी येऊन संपे, तेथेही सायकलची वाट संपत नव्हती.

किनाऱ्याची सलग वाट व्हावी ही कल्पना मोठ्या प्रमाणावर पुढे आली ती १९८० च्या सुमारास. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना रेवस ते रेड्डी असा सागरी मार्ग आखला गेला. पुढे भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, आंजर्ले येथील खाड्या पुलांवरून ओलांडता येऊ लागल्या. बाणकोट, दाभोळ आणि जयगड या मोठ्या खाड्यांवर मात्र अद्याप फेरीबोटच कामास येते. दाभोळहून धोपाव्यास नेणारी फेरीबोट २००३ साली सुरू झाली. लोक तिला ‘जंगलजेटी’ म्हणतात. तिच्यात मोटारी, म्हशींचे टेम्पो, शाळेची मुले आणि सायकलवाले एकाच फळीवर उभे असतात.

बाणकोटहून निघालेला सायकलस्वार वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णे, मुरूड, लाडघर करीत दाभोळ गाठतो. पलीकडे धोपाव्याहून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी आणि तवसाळ. तेथे पुन्हा तर, मग जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे आणि रत्नागिरी. पुढे पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे करीत जैतापूर. कशेळीच्या सड्यावर प्राचीन माणसाने कातळात कोरलेला प्रचंड हत्ती आहे. रस्ते होण्यापूर्वी हजारो वर्षे माणसे या सड्यांवर वावरत होती, याची ती साक्ष होय. आमचा अनुभव असा की या मार्गावर दिवसाकाठी साठ किलोमीटरांहून अधिकाचा बेत करू नये. नकाशावर अंतर थोडे दिसते, पण चढउतार नकाशात दिसत नाहीत. उतारावर दोन्ही ब्रेक शाबूत पाहिजेत, आणि फेरीबोटीची शेवटची वेळ आधी विचारून घेतली पाहिजे. घाट चढावयाचा असेल त्याने चिपळुणाहून कुंभार्ली धरावा. पायथ्याशी पोफळीचे वीजघर लागते. कोयनेचे पाणी तेथे वीज करून वाशिष्ठीत उतरते. पूर्वी माल घाट चढून जाई. आता पाणी घाट उतरून येते.

या साऱ्या इतिहासाचा इत्यर्थ आम्ही असा समजतो. रत्नागिरीच्या मोठ्या वाटा या रत्नागिरीबाहेर जावयाच्या वाटा होत्या. घाट देशावर नेत होते, आगबोट मुंबईस नेत होती. १९९८ साली कोकण रेल्वे सलग सुरू झाली. तिने प्रवास सुखाचा केला, त्याबद्दल कोण कृतज्ञ राहणार नाही? तरीही तिच्यावाचून कोणाचे अडते असे विचारले, तर ते प्रथम मुंबईस जाणारायेणाराचे. महामार्गाचेही तसेच. गावाला शेजारच्या गावाशी जोडणारी किनाऱ्याची वाट सर्वांत शेवटी आली, आणि अजून ती पुरी झालेली नाही.

ती पुरी व्हावी यात शंका नाही. आजारी माणसाला रात्री तरीची वाट पाहावी लागू नये. परंतु पूल झाले की भरधाव वाहने येतील. महामार्गावर सायकलवाल्याला आज कडेचा वीतभर डांबरही मिळणे कठीण झाले आहे. तीच गत किनाऱ्याच्या वाटेची झाली, तर शेजाऱ्यांसाठी मागितलेली वाट पुन्हा परगावच्या घाईसाठीच उरेल. म्हणून आमची सूचना साधी आहे. नव्या प्रत्येक पुलावर पायी चालणारासाठी आणि सायकलसाठी वेगळी कडा राखावी. पूल झाला म्हणून जुना धक्का मोडू देऊ नये. आणि वाडीवाडीला जोडणाऱ्या जांभ्याच्या पाखाड्या व ओढ्यांवरील साकव ग्रामपंचायतींनी दरवर्षी पावसाळ्यानंतर दुरुस्त करावेत. दापोली, चिपळूण, रत्नागिरी येथे आता सायकलप्रेमींची मंडळे आहेत. त्यांनी आपल्या फेऱ्यांबरोबर या कामाचीही नोंद ठेवली, कोठे पाखाडी ढासळली, कोठे साकव वाहून गेला हे पंचायतीस लेखी कळविले, तर त्यांची हौस जिल्ह्याच्या उपयोगी पडेल.