डुक्कर फियाट, पद्मिनी आणि रोजचा रस्ता

मागच्या वर्षी मी १९५६ची फियाट ११०० विकत घेतली. एका हौशी माणसाने तीन वर्षे खपून ती पूर्ण रिस्टोअर केली होती. मी ती कापड टाकून उभी करण्यासाठी घेतलेली नाही, रोज कामावर नेण्यासाठी घेतली आहे. कळल्यावर लोकांनी दोन प्रश्न विचारले. किती अ‍ॅव्हरेज देते? आणि डोके ठिकाणावर आहे ना? तिसरा प्रश्न मात्र फक्त आमच्या घरात उठला, कारण या मॉडेलला मुंबईत सगळे ‘डुक्कर फियाट’ म्हणतात. गोल फुगीर अंग आणि पुढे आलेले नाक पाहून कुणीतरी कधीतरी ठेवलेले हे नाव. अम्मीने ते ऐकले आणि म्हणाली, “घर के सामने डुक्कर बांध्या क्या रे?” तेव्हापासून घरात तिला ‘मिलेचेंतो’ म्हणायचे ठरले. इटालियनमध्ये त्याचा अर्थ फक्त अकराशे, म्हणजे हलाल-हरामचा प्रश्नच मिटला.

नावाची गंमत सोडली, तर या गाडीत आपल्या राज्याचा बराच इतिहास आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. भारतात मोटार बनवावी हा विश्वेश्वरय्यांचा आग्रह त्याआधीपासूनचा होता, पण इंग्रज सरकारला त्यात रस नव्हता. कारखाना कुर्ल्याला उभा राहिला आणि सुरुवात क्रायसलरच्या डॉज, प्लिमथ जोडण्यापासून झाली. त्या काळी मुंबईत परदेशी कंपन्यांचेही मोठे बस्तान होते. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८पासून चालू होता, फोर्डही होती. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने सांगितले की नुसते सुटे भाग आणून जोडायचे असतील तर इथे जागा नाही, गाडी इथेच बनवण्याचा आराखडा द्या. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. प्रीमियर राहिली आणि तिने फियाटचा हात धरला.

फियाट ११००चे हे रूप जिनिव्हाच्या प्रदर्शनात १९५३ साली जगापुढे आले. दान्ते जियाकोसा या इंजिनिअरच्या हाताखाली ते घडले होते. १०८९ सीसीचे चार सिलेंडरचे इंजिन, ताकद जेमतेम ३६ अश्वशक्ती, गिअरची दांडी स्टिअरिंगला चिकटलेली आणि पुढची दारे उलटी, म्हणजे बिजागऱ्या मागच्या बाजूला. साडी नेसलेल्या किंवा बुरखा घातलेल्या बाईला त्यात चढणे-उतरणे सोपे जाते, हे मी रोज पाहतो. धोका असा की चालत्या गाडीत दार सुटले तर वारा ते बंद करत नाही, पूर्ण उघडून टाकतो. पुढच्या काळात कंपनीने ही दारे सरळ केली ते योग्यच झाले.

ज्या गाडीने वालचंदांचा कारखाना घरोघर पोचला, ती रस्त्यावर आली तोपर्यंत वालचंद हयात नव्हते. ते १९५३मध्येच वारले. नंतरचे दिवस परवान्यांचे होते. किती गाड्या बनवायच्या, कितीला विकायच्या, सगळे दिल्ली ठरवी. नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना १९६४ साली घेतलेली फियाट १२,००० रुपयांची होती आणि त्यातले ५,००० त्यांनी बँकेकडून कर्जाऊ घेतले होते. ताश्कंदला त्यांचा इंतकाल झाल्यावर ते कर्ज त्यांच्या पत्नी ललिताजींनी पेन्शनमधून फेडले. आजचे नेते ज्या ताफ्यातून फिरतात, ते पाहिले की हा किस्सा परक्या देशातला वाटतो.

१९७४च्या सुमारास याच घराण्यातल्या गाडीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. चित्तोडच्या राणीवरून ते घेतले, असे म्हणतात. त्या राणीची कथा आपल्याला ज्या ग्रंथातून ठाऊक आहे तो ‘पद्मावत’ १५४० साली अवधीत लिहिणारा मलिक मुहम्मद जायसी हा सूफी कवी होता. म्हणजे जैन उद्योजकाच्या कारखान्यात, इटालियन आराखड्यावर बनलेल्या मुंबईच्या टॅक्सीला नाव मिळाले ते एका सूफीने अजरामर केलेल्या राजपूत राणीचे. कुणाला ‘शुद्ध’ संस्कृती शोधायची असेल तर त्याने या टॅक्सीपासून लांब राहावे.

काळी-पिवळी पद्मिनी पुढे मुंबईची ओळखच बनली. १९८३ला मारुती आली आणि खासगी गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळले, टॅक्सीवाले मात्र राहिले. २०००च्या आसपास उत्पादन थांबले. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते, त्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस तीही रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने लिहिली. त्यात गाडी होती, आठवणी होत्या, सिनेमे होते. ज्यांनी ती चालती ठेवली ते मिस्त्री फारसे नव्हते.

मला ते गाडी घेतल्यावर भेटले. डेंटिंगवाला, कुशनवाला, रेडिएटरवाला, लेथवाला आणि इंजिनचे चाचा, अशा पाच जणांनी माझ्या गाडीला हात लावला. पाचातले चार आपले आणि पाचवे विश्वकर्मा समाजाचे. सगळे साठीच्या पुढचे. चाचांचे आयुष्य कुर्ल्यात गेले, शाळा चौथीपर्यंत. पॉइंटमधले अंतर ते गेज न लावता नखाने मोजतात आणि मग गेज लावून मला दाखवतात. मुस्लिमांच्या मागासलेपणावर आपण सच्चरपासून पुढचे सगळे अहवाल वाचतो, ते वाचलेच पाहिजेत. पण या देशाच्या यंत्रयुगात आपल्या माणसांनी काय हातभार लावला, हे लिहायला कुणी बसले नाही. चाचांना मी हे म्हटले तर ते म्हणाले, “पहले प्लग का पाना दे.”

आता कायद्याचे. १५ जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नंबरात व्हीए ही अक्षरे. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढेच. मला एजंटाने ही नोंदणी करायचा सल्ला दिला होता, कारण त्याने गाडीची किंमत वाढते. मी नको म्हटले. माझे आर.सी. बुक जुन्या बी.एम. नंबरचे आहे, दर पाच वर्षांनी तपासणी करून आणि हरित कर भरून ते वाढवता येते. दिल्लीत राहत असतो तर हा पर्यायच नव्हता, तिथे एवढ्या जुन्या पेट्रोल गाडीला रस्ता बंद आहे. धुराचा मुद्दा खोटा नाही. माझी गाडी नव्या गाडीपेक्षा जास्त धूर सोडते, म्हणून दिवसाला बारा किलोमीटरपलीकडे मी तिला नेत नाही आणि लांबच्या प्रवासाला एसटी आहे.

रोज चालवायची तर काही गोष्टी मानाव्या लागतात. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, तेव्हा पुढच्या रिक्षाशी दुप्पट अंतर ठेवायचे. पुढच्या सीटना मी पट्टे बसवून घेतले. हौशी मंडळींना ते खटकते, खटको. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर फुगते, म्हणून इंधनाच्या नळ्या बदलल्या आणि कार्ब्युरेटर वर्षातून दोनदा उघडायचा ठरवले. त्या कामासाठी सध्या चाचांचा नातू येतो. शिकलेला मोबाइल दुरुस्ती, पण जुम्म्याच्या नमाजनंतर दोन तास आजोबांशेजारी बोनेटमध्ये डोके घालून उभा असतो. मागच्या आठवड्यात त्याने पहिल्यांदा एकट्याने टायमिंग लावले. चाचांनी गाडी चालू करून ऐकली, पुन्हा बंद केली आणि त्याला परत लावायला सांगितले.