निराधार वार्धक्य आणि आपला इतिहास

‘वृद्धाश्रम आपल्या समाजात कशाला? आपली मुले आईबापांना सांभाळतात,’ असे आपण अभिमानाने म्हणतो. पण ज्यांना मूलच नाही, त्यांचे काय?

दारोदार भीक मागणाऱ्या एका वृद्ध, अंध यहुद्याला पाहून हजरत उमर (रजि.) थांबले. तरुणपणी त्याच्याकडून जिझिया घ्यायचा आणि म्हातारपणी त्याला टाकायचे, हा न्याय नव्हे, असे सांगून त्यांनी त्याच्यासारख्यांना बैतुलमालमधून मदत बांधून दिली. बगदादचे काझी अबू यूसुफ (मृत्यू इ.स. 798) यांनी ही हकीकत ‘किताबुल खराज’मध्ये नोंदविली आहे. ती भिक्षा नव्हती, हक्क होता!

हजार वर्षांनी त्याच बगदादहून, तेथील वालीच्या जाचामुळे, डेव्हिड ससून हा यहुदी व्यापारी मुंबईस आला. 1864 साली तो पुण्यात वारला. त्याच्या नावाचे पुण्यातील अनाथ पंगु गृह म्हणजेच आजचे ‘निवारा’.

इतक्या दूर कशाला जा? आपल्याच जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातील उमरी पठार येथे संत डोलाजी महाराजांच्या नावाने वृद्धाश्रम आहे. विद्यार्थी मित्रांनो, तो एकदा पाहून या. आणि पालकहो, जकातीच्या आठ हक्कदारांत पहिले दोन फकीर व मिस्कीन. रमजानमध्ये हिशेब मांडताना मोहल्ल्यातील एकट्या म्हातारीचे नाव त्यात आले की नाही, ते पाहावे.