पार्सेहून युरोप: मोठ्या मुलांना घेऊन जाताना देश कसा निवडावा

मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी विमाने उडू लागली आणि पार्से, आगरवाडा, मांद्रे या गावांना विमान घराजवळ आले. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या लोकांनाही हाच विमानतळ सोयीचा. परदेश म्हणजे गल्फची नोकरी किंवा बोटीवरचे काम, अशी या भागातली जुनी समजूत. आता मुलांना घेऊन सुट्टीसाठी युरोपला जायचे बेतही घराघरांत होतात. बेत होतो, पण देश कुठला हे बहुतेक वेळा सहल कंपनीची जाहिरात ठरवते. दहा दिवसांत सहा-सात देश, रोज पहाटे बॅगा बसमध्ये! तेरा ते अठरा वयाची मुले अशा सहलीला दुसऱ्याच दिवशी कंटाळतात आणि खर्च मात्र प्रत्येकाचा पूर्ण तिकिटाचा होतो. म्हणून देश शेवटी ठरवावा. त्याआधी पासपोर्ट, महिना आणि मुलांची आवड या तीन गोष्टी पाहाव्यात.

पासपोर्ट कुणाचा, कुठला?

लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे आईवडिलांचा चालू आणि मुलाचा संपत आलेला, असे हमखास होते. शेंगेन देशांतून परत निघण्याच्या तारखेनंतर निदान तीन महिने पासपोर्ट चालू हवा आणि त्यात दोन पाने कोरी हवीत.

गोव्यात आणखी एक गोष्ट असते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजी-आजोबांच्या आधारावर पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेली माणसे अनेक घरांत आहेत. बाप पोर्तुगीज, आई आणि मुले भारतीय, असे एकाच घरात दोन देशांचे पासपोर्ट असतात. अशा घरांनी एक नियम लक्षात ठेवावा. युरोपीय संघाच्या नागरिकाबरोबर त्याची भारतीय पत्नी आणि एकवीस वर्षांखालची मुले संघातल्या दुसऱ्या देशात, म्हणजे फ्रान्स, इटली किंवा जर्मनीला जात असतील, तर त्यांना व्हिसाची फी लागत नाही. खुद्द पोर्तुगालला जाताना मात्र हा नियम तसाच लागू होत नाही. मुलाच्या नावावर पोर्तुगीज पासपोर्ट असेल, तर परत भारतात येण्यासाठी त्याचे ओसीआय कार्ड किंवा व्हिसा आहे ना, हे निघण्यापूर्वी बघावे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. त्यामुळे सहलीपुरती सोय म्हणून मुलाचे नागरिकत्व बदलायचा विचार कुणी करू नये. तो निर्णय जन्माचा असतो.

व्हिसाचा हिशेब

शेंगेन व्हिसा एकच असला तरी तो २९ देशांत चालतो. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत. लंडन आणि पॅरिस एकाच सहलीत करायचे तर दोन वेगळे व्हिसा काढावे लागतात. जून २०२४ पासून शेंगेनची फी मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५ युरो आहे. बारा पूर्ण झाली की पूर्ण फी, आणि बोटांचे ठसेही द्यावे लागतात. म्हणजे तेरा आणि सोळा वर्षांची दोन मुले असलेल्या चौघांच्या घराला नुसत्या फीचेच ३६० युरो होतात. अर्ज घेणाऱ्या केंद्राची फी वेगळी. निदान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा सगळ्यांना सक्तीचा आहे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात जास्त दिवस राहायचे, त्याच देशाकडे तो करावा. दिवस सारखेच असतील, तर पहिल्यांदा उतरायचे त्या देशाकडे. पार्से, बांदा आणि खानापूर या गावांत अंतर फारसे नाही, पण ती तीन राज्यांत आहेत. कुठल्या राज्यातल्या माणसाने कुठल्या शहरात अर्ज द्यायचा, हे देशागणिक बदलते, म्हणून देश पक्का करण्यापूर्वी हेही विचारून घ्यावे. वडील गल्फात किंवा बोटीवर असतील आणि आई एकटीच मुलांना नेत असेल, तर वडिलांचे नोटरी केलेले संमतिपत्र लागते. ते आधीच मागवून ठेवले, की ऐनवेळी धावपळ होत नाही.

महिना कुठला?

गोव्यात २०२५ मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले, पण मे महिन्याची सुट्टी कायम राहिली. महाराष्ट्र आणि कर्नाटकातही मे सुट्टीचाच. त्यामुळे मामा सावंतवाडीचा आणि आत्या बेळगावची असली, तरी सगळ्यांना मिळून जाता येईल असा महिना हाच. मेमध्ये लिस्बन, रोम, बार्सिलोना इथे हवा सुखाची असते, उजेड रात्री साडेआठपर्यंत टिकतो आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून झालेली नसते. स्वित्झर्लंडमध्ये मात्र उंचावरचे काही घाटरस्ते तेव्हाही बर्फामुळे बंद असतात. चवथीची सुट्टी अशा प्रवासाला अपुरी पडते, आणि चवथ सोडून घराबाहेर जायला पेडण्यात कोण तयार होणार?

कुठल्या मुलाला कुठला देश

फुटबॉलवेड्या मुलाला स्पेन किंवा पोर्तुगाल. बहुतेक मोठ्या लीग मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात संपतात, म्हणून सामना बघायचा असेल तर महिन्याच्या सुरुवातीला जावे. लिस्बनमध्ये बेन्फिकाचे लुझ स्टेडियम सामना नसतानाही आतून बघता येते.

विज्ञानाची आवड असेल तर जिनिव्हाजवळचे सर्न. तिथले ‘सायन्स गेटवे’ हे प्रदर्शन केंद्र २०२३ मध्ये सुरू झाले आणि प्रवेश फुकट आहे. म्युनिकचे डॉइचेस म्युझियमही अशा मुलांसाठी चांगले. स्वित्झर्लंड महाग खरे, पण ट्रॅव्हल पासवाल्या आईवडिलांबरोबर सोळा वर्षांखालच्या मुलांना रेल्वे फुकट पडते.

चित्र, इतिहास आवडणाऱ्या मुलांना फ्रान्स किंवा इटली. पॅरिसचे लूव्र आणि इटलीतली सरकारी संग्रहालये अठरा वर्षांखालच्यांना फुकट आहेत, मूल कुठल्याही देशाचे असो. लूव्र मंगळवारी बंद असते. दोन मुलांच्या आवडी वेगळ्या असतील, तर दोन देश करण्यापेक्षा दोन्ही मिळतील असे एक शहर शोधावे.

पोर्तुगाल: ओळखीचा, पण नीट बघण्याचा

पेडण्याच्या मुलांसाठी पोर्तुगालचा विचार वेगळा करायला हवा. तिसवाडी, बार्देस, सासष्टीत पोर्तुगीज सोळाव्या शतकात आले. पेडणे मात्र सावंतवाडीकरांकडून १७८८ मध्ये त्यांच्याकडे गेले. लिस्बनच्या बेलेम भागात जेरोनिमोस मठात वास्को द गामाची कबर आहे आणि नदीकाठी दर्यावर्दींचे भव्य स्मारक आहे. मुलांनी ते जरूर पाहावे, पण ते स्मारक एकच बाजू सांगते. दुसरी बाजू घराजवळ आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. निघण्यापूर्वी मुलांना एकदा पत्रादेवीच्या स्मारकावर न्यावे.

या दोन बाजू जोडणारे ठिकाण पोर्तुगालमध्येच आहे. लिस्बनच्या उत्तरेला, समुद्रकाठी पेनिशचा किल्ला हुकूमशाहीच्या काळात राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. गोव्याचे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये शिक्षा झाल्यावर तिथेच ठेवले होते. २०२४ पासून तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. पेनिश सर्फिंगसाठीही नावाजलेले आहे, त्यामुळे मोरजी-हरमलच्या किनाऱ्यावर वाढलेल्या पोरांना तिथे दिवस कमी पडेल.

भाषेची गंमतही आहे. पाव, बटाटा, साबण, चावी, बादली, घमेले हे शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आले. दुकानाच्या पाट्या वाचताना मुलांना ते आपसूक सापडतात. नुस्ते खाणाऱ्यांची तिथे चंगळ. शिवराक घरांनी मात्र स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी.

ठरवताना

आठ-दहा दिवसांत एक देश, फार तर दोन मुक्काम. लिस्बन आणि पोर्तो तीन तासांच्या रेल्वेने जोडलेले आहेत, तेवढे अंतर पुरे. आईवडिलांनी एकूण रक्कम आणि तारखा मुलांसमोर मोकळेपणी मांडाव्यात. मग प्रत्येक मुलाने एक देश सुचवावा आणि तिथला तीन दिवसांचा कार्यक्रम खर्चासकट कागदावर लिहावा. सोळा वर्षांच्या मुलीला हे सहज जमते. रोजचा अर्धा दिवस मुलांच्या मर्जीवर सोडावा. दोन-तीन वर्षांत ती शिक्षणासाठी पणजी, पुणे किंवा आणखी लांब जातील. मग सगळ्यांच्या सुट्ट्या एकत्र जुळणे कठीण होते. म्हणून ही सहल फक्त त्यांच्यासाठी न ठरवता, त्यांना बरोबर घेऊन ठरवावी.