काडतुसाची मुरड

आपल्यापैकी काही जुन्या घरांच्या माळ्यावर, टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळून बसवायचे आणि मुठीने फिरवायचे एक लहानसे यंत्र अद्याप पडलेले असेल. शेवयांचे यंत्र समजून ते कोणी मोडीत काढले, तर त्यास दोष देता येणार नाही; ते दिसतेच तसे. वस्तुतः ते काडतुसाच्या तोंडाला मुरड घालण्याचे यंत्र होय. इंग्लंडातील शेफील्ड येथील जेम्स डिक्सन, हॉक्स्ली आदी कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी यंत्रे घडविली.

ठासणीच्या बंदुकीस त्यांचे प्रयोजन नव्हते. फ्रान्समधील लफोशने १८३५ च्या सुमारास मागून भरण्याची बंदूक आणली आणि १८६१ मध्ये लंडनच्या जॉर्ज डॉने बुडाच्या मध्यभागी टोपी असलेली काडतुसे इंग्लंडात प्रचारात आणली. पितळी बूड आणि गुंडाळलेल्या कागदाची नळी अशी ही पुंगळी बार उडाल्यावरही शाबूत राही. त्यामुळे हौशी शिकारी दारू, छर्रे, नमद्याच्या चकत्या आणि टोप्या निरनिराळ्या विकत घेऊन घरीच काडतुसे भरीत. छऱ्यांवर पुठ्ठ्याची पातळ चकती ठेवून पुंगळीचा काठ आत वळविला की काम संपले.

करंजीची मुरड सुटली की सारण तेलात उतरते. काडतुसाची मुरड सुटली तर छर्रे सांडतात, एवढ्यावरच भागत नाही. काळी दारू कशीही पेट घेई. परंतु १८६४ मध्ये प्रशियाच्या शुल्त्झने बिनधुराची दारू तयार केल्यानंतर मुरडीचे महत्त्व वाढले. ही दारू नीट जळण्यास तोंडाशी पुरेसा अडसर हवा असतो. मुरड सैल असेल तर बार फुसका जातो.

प्रत्येक बाराबरोबर कागदाचा काठ करपून झिरमिळ्या होई. तो कातरून नवी मुरड घालता येई, पण पुंगळी तेवढी आखूड होई आणि दोन-चार वेळा वापरल्यावर निरुपयोगी ठरे. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद फुगून काडतूस नळीत अडके, ही आणखी एक अडचण. म्हणून हिंदुस्थानात अनेकांची पसंती पितळी पुंगळ्यांना असे. जाड पितळेला मुरड बसत नाही. तेथे वरची चकती मेणाने बंद करीत.

पुढे चकती गेली आणि काठालाच सहा वा आठ चुण्या घालून तोंड मिटवण्याची चांदणीची मुरड आली. १९६० मध्ये रेमिंग्टनने प्लास्टिकची पुंगळी बाजारात आणली. अमेरिकेत १९५८ मध्ये रिचर्ड ली यांनी घरगुती भरणीचे स्वस्त हत्यार विकण्यास आरंभ केला आणि तेथे हा उद्योग आजही चालतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये दारूगोळा बनविण्यास स्वतंत्र परवाना लागतो. शिकारीवर १९७२ च्या कायद्याने बंधने आली आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर तिचा प्रश्नच उरला नाही. घरची भरणी इतिहासजमा झाली.

बंदुका मात्र उरल्या, आणि खरी काळजी तेथेच आहे. जुन्या इंग्रजी दुनळी बंदुकांत काडतुसाची जागा बहुधा अडीच इंचांची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असते. आजची बहुतेक काडतुसे ७० मिलिमीटरची. ही लांबी मुरड उलगडल्यानंतरची असते. मिटलेले काडतूस आखूड असल्याने जुन्या नळीत ते बिनबोभाट बसते. बार होताच मुरड उलगडून पुंगळीचे तोंड नळीच्या निमुळत्या भागात शिरते, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. शासकीय सेवेत असताना परवान्यांच्या कित्येक नोंदी माझ्या नजरेखालून गेल्या. त्यांत ‘१२ बोअर, डी.बी.बी.एल.’ आणि क्रमांक एवढेच असे. लांबीचा रकाना मी कधी पाहिला नाही.

विसाव्या शतकातील पुष्कळ इंग्रजी बंदुकांवर ती लांबी कोरलेली आढळते. बंदूक मोडून नळ्या सोडविल्या की त्यांच्या बुडाशी खालच्या अंगास लंडन वा बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाची खूण असते; तिच्याशेजारी २½ असा आकडा असेल, तर बाजारातील ७० मिलिमीटरचे काडतूस त्या बंदुकीसाठी नव्हे.