अंगणातली शाळा



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्जासाठी अर्ज दिला. रक्कम १८,००० रुपये, कारण मुलाची नर्सरी. मुलगा तीन वर्षांचा. गटात लगेच दोन तट पडले. एकीचं म्हणणं, आज घातलं नाही तर पोरगं मागं पडेल. दुसरी म्हणाली, एवढ्याशा जिवाला एवढ्या पैशांचं काय शिकवणार आहेत? मी समन्वयक, मी बोलायला हवं होतं. पण मला बोलता येईना, कारण माझ्या मुलीला मी साडेतीन वर्षांची असताना एबीसीडी गिरवायला बसवलं होतं. ती पेन्सिल गादीखाली लपवायची आणि मी तिला हट्टी म्हणायचे.

घरी आल्यावर अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे पुस्तक पुन्हा काढलं. बी.ए.ला असताना वाचलं होतं, तेव्हा मूल नव्हतं, त्यामुळे निम्मं डोक्यावरून गेलं होतं. आज त्याच कोसबाडची गोष्ट सांगते.

अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या, जन्म १९१०चा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. आपल्या कोथरूडला लागून जुनं हिंगणं आहे, आजचं कर्वेनगर. तिथे अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम १९०० सालीच आला होता, तरी खेड्यापाड्यातल्या बालविधवेचं आयुष्य त्यानं एका दिवसात बदललं नव्हतं. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुण्यात हुजूरपागेच्या शाळेत दिवसभर शिकवायच्या आणि रात्रशाळेत स्वतः शिकायला जायच्या. १९३७ साली मॅट्रिक झाल्या. बी.ए. मात्र १९६१ला, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. आमच्या गटातल्या ज्या मावशी म्हणतात ना, 'आता काय शिकायचं', त्यांच्यासाठी ही तारीख मुद्दाम सांगितली.

ताराबाई मोडक त्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या, मुंबईत वाढलेल्या, १९१४च्या पदवीधर. संसार मोडल्यावर लहान मुलीला घेऊन राजकोटला नोकरीला गेल्या आणि तिथून १९२३ साली भावनगरला, गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं या विचारातून बालशिक्षणाकडे वळलेले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे दादरला ताराबाईंनी शिशुविहार काढलं.

या सगळ्यांना वाट दाखवली ती इटलीच्या डॉक्टर मारिया मॉन्टेसरींनी. लहान मूल हातानं शिकतं, इंद्रियांनी शिकतं, त्याला सांगून नव्हे तर करू देऊन शिकवायचं, हे त्यांचं मुख्य म्हणणं. आज मॉन्टेसरी म्हटलं की आपल्याला कर्वे रोडवरची मोठी पाटी आणि मोठी फी आठवते. पण त्यांचं पहिलं बालघर १९०७ साली रोममधल्या एका गरीब वस्तीत निघालं होतं. आई-बाप कामावर जायचे, मागे चाळीत राहिलेली पोरं भिंती खराब करायची, म्हणून त्यांना सांभाळायला. म्हणजे ते कामवाल्या बायांच्याच मुलांसाठी होतं! आपल्याकडे मात्र ती पद्धत आली आणि बराच काळ सुखवस्तू घरांतच राहिली, कारण तिची लाकडी साधनं महाग.

ताराबाईंना हे खटकत होतं. गांधीजींचाही आग्रह होता की हे शिक्षण खेड्यातल्या गरिबाच्या मुलापर्यंत जायला हवं. १९४५च्या डिसेंबरात ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. तो काळही ध्यानात घ्या. त्याच वर्षी डहाणू-उंबरगाव भागात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरुद्ध लढा पेटला होता. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होऊन माणसं मेली होती. अशा मुलखात या दोघी बालवाडी काढायला निघाल्या.

बहुतेक ठिकाणी ताराबाईंची गोष्ट देवीची कथा सांगावी तशी सांगतात. मला जास्त मोलाचं वाटतं ते हे, की त्यांचा पहिला बेत फसला. गावात बालवाडी उघडली, पण पाड्यावरची मुलं येईनात. आई-बाप पहाटे कामाला जाणार, थोरली पोर धाकट्याला काखेत घेऊन दिवस काढणार, थोरला पोरगा गुरांमागे. शाळेत यायचं कोणी? मुलांना नावं ठेवण्याऐवजी या बायांनी आपलीच शाळा उचलली आणि पाड्यावर नेली. एखाद्या घरापुढचं अंगण झाडायचं, मुलांना अंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ. ही अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच कुरणशाळा.

आणि महागडी साधनं? शिंपले, खडे, बिया, पानं, फुलं. बी मोजायची, शिंपले लहान-मोठे लावायचे, पानांच्या कडा बोटानं चाचपायच्या. मला हे वाचून माझी मुलगी आठवली. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात. साधारण तिसऱ्या वर्षी त्याला बघून गोल काढता येतो, चौथ्याच्या सुमाराला फुली, त्रिकोण पाचव्याच्या आसपास. कोणाचं दोन महिने मागं, कोणाचं पुढं. मग साडेतीन वर्षांच्या पोरीला 'ए'च्या तिरप्या रेघा जमणार कुठून? शिंपला चिमटीत उचलून मात्र तेच अंगठा-बोट तयार होतं, ज्यात पुढे पेन्सिल धरायची असते. माझी पोर हट्टी नव्हती.

पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि थोरली वर्गात. ताईच्या कडेवरचं ओझं उतरलं तरच ताई शिकेल, हे त्यांना पाड्यावरच कळलं होतं. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताई १९९२पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, तिथेच राबल्या.

२ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, देशभरात ३३ प्रकल्पांपासून. खाऊ, लसी, तपासणी, आईला सल्ला आणि शाळेआधीचं शिक्षण, हे सगळं ज्या ठिकाणी मिळतं तिचं नावही अंगणवाडीच. आपल्याकडे मात्र तिची ओळख 'खिचडी मिळते ती जागा' एवढीच उरली. यात सेविकांचा दोष मी मानत नाही. वजनं, नोंदी, सर्वेक्षणं सांभाळून त्यांनी गाणी म्हणायची कधी?

परवाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. माझ्या पेन्सिलीची गोष्टही सांगितली. त्यावर कोपऱ्यात बसलेल्या एका मावशी म्हणाल्या, "ताई, अंगणवाडी दुपारी सुटते, माझी पोळ्यांची कामं अडीचपर्यंत. तोवर धाकट्याला कोण बघतं? माझी अकरा वर्षांची पोर. आठवड्यात दोन दिवस तिची शाळा बुडते." खोलीत सगळ्या गप्प झाल्या. हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि ती पोर माझ्या घरासमोरून रोज जाते.

अर्ज करणाऱ्या ताईंनी अर्ज मागे घेतलेला नाही. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या, तो त्यांचा हक्क आहे. पण सोमवारपासून बारा ते तीन एका सभासदाच्या खोलीत सात मुलं बसतील. दोघी-दोघींच्या पाळ्या लावल्या आहेत, सांभाळणाऱ्या बाईला गटाच्या निधीतून रोजचे पैसे मिळतील. सतरंजी मिळाली आहे. चिंचोके, गोट्या, बाटल्यांची झाकणं आणि रिकामे डबे हवे आहेत. अगदी बारीक मुलं असतील तिथे चिंचोके आणि गोट्या उंच फळीवर ठेवणार आहोत, कारण ती तोंडात घालतात. ज्यांच्याकडे असेल त्यांनी रविवारी संध्याकाळपर्यंत आणून द्यावं.