पेन्सिलीच्या टोकापासून मोफत सॉफ्टवेअरपर्यंत : गर्भवतीच्या छायाचित्रातील त्वचेचा इतिहास

१/१४
वर्धा शहराला लागून बोरगाव मेघे आहे. सावंगी मेघे आणि सेवाग्राम येथील मोठी रुग्णालये इथून जवळ. जिल्ह्यातील असंख्य बाळांचा पहिला टाहो तिथेच उमटतो. त्या बाळांच्या जन्माआधी आईचे छायाचित्र काढून घेण्याची हौस आता गावोगाव पोहोचली आहे. छायाचित्र निघते, संगणकावर येते आणि क्षणात आईचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो. ही नितळपणाची ओढ संगणकाने जन्माला घातली असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिचे वय पावणेदोनशे वर्षांच्या घरात आहे.

२/१४
१८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेर याची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. अवघ्या पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते. वैद्यकी जाणणारे हे दोघे कॅमेऱ्याकडे वळले, ही गोष्ट सूचक आहे. शरीर जसे आहे तसे टिपणारे यंत्र, अशी त्या काळी कॅमेऱ्याची ख्याती होती.

३/१४
ती ख्याती मात्र अर्धीच खरी होती. १८५१ नंतर प्रचारात आलेली कोलोडियनची ओली काच निळा आणि अतिनील प्रकाश टिपत असे. तांबडा रंग तिला जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे गालावरची लाली काळवंडून उतरे आणि साधी पुटकुळी डागासारखी दिसे. त्वचेतील रंगद्रव्य अतिनील प्रकाशात अधिक उठून दिसते. म्हणून आरशात जेमतेम जाणवणारे वांग या काचेवर ठळक होत असे.

४/१४
गरोदरपणात नेमका हाच बदल घडतो. शरीरातील रंगद्रव्य वाढते, अनेकींच्या गालांवर व कपाळावर वांग येते, पोटावर नाभीखाली काळपट रेषा उमटते, ताणाच्या खुणा आधी तांबूस दिसतात. बाळंतपणानंतर वांग आणि ती रेषा बहुधा फिकट होत जातात, ताणाच्या खुणा पांढुरक्या होऊन राहतात. जुन्या काचेने हे सारे वास्तवाहून गडद दाखवले असते. म्हणजे दुरुस्तीची पहिली गरज यंत्राच्या दोषातून आली. तो दोष त्या बाईचा नव्हता.

५/१४
१८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल याने निगेटिव्हवर हात फिरवून केलेली दुरुस्ती लोकांसमोर मांडली. एकाच व्यक्तीची दोन छायाचित्रे त्याने शेजारी ठेवली, एक मूळ आणि एक सुधारलेले. पाहणारे थक्क झाले. ‘जशास तसे’ असण्याचा कॅमेऱ्याचा दावा त्या दिवशी सैल झाला आणि ‘रिटचिंग’ हा नवा धंदा उभा राहिला.

६/१४
या कामाची रीत अशी. काच उतरत्या चौकटीवर ठेवायची आणि मागून प्रकाश घ्यायचा. डमार राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळवून तिचा पातळ लेप काचेवर चोळायचा, म्हणजे शिसपेन्सिल धरते. मग सुईसारख्या टोकाने बारीक ठिपके व स्वल्पविरामाएवढ्या रेघा काढायच्या. कागदावर जो डाग काळा उमटणार, तो निगेटिव्हवर पारदर्शक असतो. तिथे शिसे भरले की छापील चित्रात डाग उजळतो. उलट, एखादी जागा गडद हवी असेल तर धारदार पातीने थर खरवडायचा.

७/१४
या कसबात संयमाला फार महत्त्व होते. पेन्सिल थोडी जास्त चालली की चेहऱ्यावरची छिद्रे, सुरकुत्या, हाडांचे उंचवटे सारेच पुसले जाई आणि माणसाची बाहुली होई. जाणता कारागीर म्हणून तात्पुरते व कायमचे असा भेद करी. आजची पुटकुळी काढावी, जन्मापासूनचा तीळ ठेवावा. डोळ्यांखालची सावली सौम्य करावी, पण पुसू नये.

८/१४
भारतात या कसबाला आणखी एक वळण लागले. इथल्या चित्रकारांनी छायाचित्रावर रंग चढवण्याची कला आपलीशी केली आणि त्या रंगांतून वर्णाचा आग्रहही उतरला. स्थळ पाहण्यासाठी पाठवायच्या फोटोत मुलीचा रंग उजळून देणे ही स्टुडिओतील नेहमीची गोष्ट झाली. यंत्राचा दोष काढण्यासाठी आलेली पेन्सिल आता माणसाचा वर्ण ‘दोष’ म्हणून काढू लागली. या कथेतील खरा पेच इथे आहे.

९/१४
महाराष्ट्रातील गर्भवतीच्या छायाचित्राची परंपरा डोहाळजेवणाशी जोडलेली आहे. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, फुलांचे दागिने. कधी झोपाळा, कधी होडी, कधी हातात धनुष्यबाण. पोट झाकलेले असले तरी चित्राचा विषय तेच असे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये ‘व्हॅनिटी फेअर’च्या मुखपृष्ठावर ॲनी लिबोविट्झने टिपलेली गर्भवती डेमी मूर झळकली आणि जगभर उघड्या पोटाच्या छायाचित्रांची लाट आली. आजच्या फोटोशूटमध्ये या दोन्ही धारा मिसळलेल्या दिसतात. फुलांची वाडी आहे आणि उघडे पोटही आहे. त्यामुळे पूर्वी पदराआड राहणारी त्वचा आता दुरुस्तीच्या टेबलावर आली.

१०/१४
अगदी वेगळी वाट याच वर्धा तालुक्यात घडली. १९३६ मध्ये गांधीजी शेगावी राहू लागले. पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्यांचे नातलग कनू गांधी यांना छायाचित्रणाची आवड होती. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलीफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर : फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचे नाही, आश्रम खर्च उचलणार नाही.

११/१४
या अटींचा परिणाम त्या छायाचित्रांत दिसतो. मातीच्या भिंतींच्या खोलीतील मंद उजेड, काही ठिकाणी हललेली आकृती, दाणेदार छटा. पण बा आणि बापूंच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती जागच्या जागी आहे. साधने तुटपुंजी, पैसा नाही, कृत्रिम प्रकाश नाही. तरीही ती चित्रे जिवंत वाटतात, कारण खिडकीतून किंवा ओसरीवरून येणारा उजेड त्वचेचा पोत राखतो. कमी खर्चात नैसर्गिक चित्र कसे साधते, याचा धडा बोरगाव मेघेपासून काही किलोमीटरवर गिरवला गेला होता.

१२/१४
रंगीत फिल्मने जुना पक्षपात नव्या रूपात आणला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रयोगशाळा रंग जुळवण्यासाठी ‘शर्ली कार्ड’ वापरत आणि त्यावर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच चित्र असे. सावळ्या वर्णाच्या छटा त्यामुळे चिखलासारख्या एकवट होत. पुढे तपकिरी छटा सुधारल्या. त्यामागे चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारीही होत्या. त्यांच्या मालाचे फोटो नीट येत नव्हते! सावळ्या माणसांची गाऱ्हाणी मात्र तोवर कोणी मनावर घेतली नव्हती.

१३/१४
१९९० मध्ये नोल बंधूंचे फोटोशॉप बाजारात आले. १९९५ मध्ये बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी, ‘गिंप’ जाहीर केले. ते आजही विनामूल्य आहे. २००७ च्या आवृत्तीत त्यात डाग भरून काढणारे ‘हील’ साधन आले. २०१८ च्या आवृत्तीत ‘वेव्हलेट डीकंपोझ’ आले. ते चित्राचे थर वेगळे करते : सूक्ष्म थरात छिद्रे आणि लव, जाड थरात रंगाचे डाग. वांग सौम्य करायचे तर जाड थरावरच काम करावे, सूक्ष्म थराला हात लावू नये. पुटकुळी ‘हील’ने काढावी, तीही वेगळ्या थरावर आणि निम्म्या पारदर्शकतेने. त्याआधी पांढऱ्या रंगाचा समतोल नीट करावा, कारण पिवळ्या बल्बखाली कोणाचीही त्वचा आजारी दिसते. उजळपणाची पट्टी शेवटी आणि बेताने. जुन्या कारागिराचा तात्पुरते–कायमचे हा भेद इथेही तसाच लागू पडतो.

१४/१४
गोरेपणाच्या बाजारावर अंकुश यायला काळ लागला. १९७५ मध्ये आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’चे नाव २०२० मध्ये बदलले. सावळेपणाला हिणवणाऱ्या जाहिरातींविरुद्ध भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये नियम केले. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलचे शरीर बदललेल्या जाहिरातीवर तशी सूचना छापावी लागते. घरच्या फोटोला असा कोणताही नियम नाही. तिथे निर्णय त्या आईचा, आणि तिला न विचारता तिचा रंग उजळणारा हात कितीही कसबी असला तरी चुकतो. वीस वर्षांनी तिचे मूल तो फोटो हाती घेईल. त्याला वाढवताना जी त्वचा ताणली, सावळली, ती चित्रात उरली असेल तर त्याला आईची ओळख पटेल. कनू गांधींच्या चित्रांत बा आजही ओळखू येतात, त्याचे कारण तेच आहे.