अपडेट करून घ्या!

आमच्या बँकेच्या काउंटरवर सर्वांत जास्त उच्चारला जाणारा शब्द कोणता, असे विचारले तर नवखा माणूस म्हणेल, 'पैसे'. छे! पैसे हा शब्द आमच्याकडे लोक दबक्या आवाजात उच्चारतात. मोठ्याने आणि दिवसभर चालतो तो 'अपडेट'. पासबुक अपडेट करून द्या, मोबाईल नंबर अपडेट करायचा आहे, आधार अपडेट नाही म्हणून धानाचे पैसे अडकले. शाळेची पायरीही न चढलेली सालेकशाकडची आजी हा शब्द असा ठणकावून वापरते, की बी. कॉम. झालेल्या अस्मादिकांनी मान खाली घालावी.

तसा आमचा गोंदिया जिल्हा हाच मुळी एक अपडेट आहे. 1 मे 1999 रोजी तो भंडाऱ्यातून वेगळा झाला. मी तेव्हा कॉलेजात होतो. सरकारने एका दिवसात जिल्हा बदलला, पण आमच्या नागपूरच्या मामांना हे पटायला बरीच वर्षे गेली. ते मरेपर्यंत पाकिटावर 'जि. भंडारा' लिहीत राहिले आणि पोस्टमन ती पत्रे निमूटपणे आणून देत राहिला. जुनी आवृत्ती इतक्या समजूतदारपणे चालवून घेणारे खाते जगात तेवढे एकच.

कॉम्प्युटर इतका समजूतदार नसतो. त्याच्या दुरुस्तीला 'पॅच' म्हणतात, म्हणजे चक्क ठिगळ. हा शब्द अलंकारिक नाही बरे का! जुन्या यंत्रांना हुकूम दिला जाई तो भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून. भोक चुकीच्या जागी पडले, की त्यावर खरोखरीचा कागदाचा तुकडा चिकटवीत. आमच्या आजीने गोधडीवर हा शोध कधीच लावला होता. पेटंट तेवढे घ्यायचे राहिले.

ठिगळ वेळेवर न लावल्यास काय होते, ते 2017 साली जगाने पाहिले. विंडोजमध्ये एक भोक सापडले होते. मायक्रोसॉफ्टने 14 मार्चला त्याचे ठिगळ काढले आणि मोफत वाटले. पण मार्च महिन्यात कोण ठिगळ लावतो? आम्ही बँकवाले तर त्या महिन्यात बायकोचे नावही विसरतो. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना आली, की 'नंतर आठवण करा' हे बटण दाबायचे. अखेर 12 मे रोजी त्याच भोकातून वॉनाक्राय नावाचा विषाणू शिरला. दीडशेच्या आसपास देशांतल्या यंत्रांतल्या फायली त्याने कुलूपबंद केल्या आणि किल्लीचे 300 डॉलर मागितले. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांना ठरलेली ऑपरेशने पुढे ढकलावी लागली. ज्यांनी दोन महिन्यांपूर्वी ते बटण दाबायचा मोह टाळला होता, ते घरी स्वस्थ झोपले.

इथवर गोष्ट शाळेच्या पुस्तकातल्यासारखी सरळ आहे. आता पुढचे ऐका. त्याच वर्षी 27 जूनला दुसरा विषाणू आला. तो आला युक्रेनमधल्या हिशेब आणि कराच्या एका सॉफ्टवेअरमधून, आणि तोही चक्क त्याच्या अपडेटमधून! चोरांनी त्या कंपनीच्या कारखान्यातच शिरून ठिगळात विष शिवले. ज्यांनी आज्ञाधारकपणे अपडेट केले, त्यांच्याच घरात साप निघाला. एकदा आत शिरल्यावर मात्र तो ज्या वाटांनी पसरला, त्यांत मार्चचे ते न शिवलेले भोकही होते. युक्रेनमधले ते लोण आपल्या न्हावा शेवापर्यंत आले. जवाहरलाल नेहरू बंदरातले एक टर्मिनल मेर्स्क या डॅनिश कंपनीकडे होते. ते ठप्प झाले आणि कंटेनरचे ट्रक रांगेत उभे राहिले. मेर्स्कला पुढच्या दहा दिवसांत 45,000 कॉम्प्युटर नव्याने बसवावे लागले. हिशेबाच्या सॉफ्टवेअरने एवढा संहार करावा, याचे वाणिज्य शाखेच्या माणसाला दुःख होते, आणि खोटे कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटतो.

मग सामान्य माणसाने ओळखायचे कसे? मालक कोण आणि चोर कोण? आमच्या लहानपणी पोस्टकार्डे येत: 'हा मजकूर अकरा जणांना पाठवा, नाहीतर घरात विघ्न येईल.' आईने एकदा भीतीपोटी अकरा कार्डे लिहिली. वडिलांना विघ्न दिसले ते कार्डांच्या खर्चात. त्या खर्चामुळेच ही साथ आटोक्यात राहिली. ईमेलमध्ये तो खर्चच नाही. अमेरिकेत मे 1978 मध्ये डीईसी या कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने अर्पानेटवरच्या सुमारे 400 जणांना एकाच जाहिरातीचे पत्र पाठवले. पत्ते इतके झाले, की ते पत्त्याच्या जागेत न मावता मजकुरात सांडले. लोक संतापले, तंबी मिळाली, पण यंत्रे खपली असे थर्कसाहेब पुढे सांगत. बिनखर्चाचे पत्र आणि वर विक्री! कॉमर्सच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही पुढचे समजावे. अशा पत्रांना 'स्पॅम' म्हणतात. ते मुळात अमेरिकेतल्या डबाबंद मांसाचे नाव. 1970 साली एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमात खानावळीच्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात ते निघते, आमच्या मेसमधल्या बटाट्यासारखे. तिथून ते पत्रांना चिकटले.

हे सगळे मी चवीने वाचत होतो, गुरुजी काउंटरवर येईपर्यंत. गुरुजींनी मला तिसरीत पाढे शिकवले. आता पेन्शन घेतात. त्या दिवशी आले तेव्हा हात थरथरत होते. आदल्या दिवशी मोबाईलवर निरोप आला होता: 'केवायसी अपडेट न केल्यास आज रात्री खाते बंद होईल.' खाली निळी ओळ. त्यांनी ती दाबली, आलेला ओटीपी भरला, आणि 41,500 रुपये गेले.

"असे निरोप उघडायचेच नाहीत, गुरुजी," मी म्हणालो.

गुरुजींनी काचेकडे बोट दाखवले. "तूच तर लिहिलं आहेस ना गा."

काचेवर माझ्याच सुवाच्य अक्षरात चिठ्ठी होती: 'केवायसी अपडेट न केल्यास खाते बंद होईल.' चोराने माझेच वाक्य वापरले होते. फक्त 'आज रात्री' हे दोन शब्द त्याचे. पाढे चुकल्यावर गुरुजी छडी मारत. त्या दिवशी त्यांनी मारली असती तर बरे झाले असते.

लगेच 1930 या सरकारी नंबरवर फोन लावला. तक्रार लवकर गेली, तर पैसे पुढच्या खात्यात पोचण्याआधी अडवता येतात. आमचा एक दिवस वाया गेला होता, तरी 19,000 अडकवता आले आणि काही महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेले ते गेले.

मी काचेवरची चिठ्ठी काढली. नवी लिहिली: 'खात्याचे अपडेट इथे समोर येऊन करा. निरोपातली निळी ओळ दाबू नका. ओटीपी आम्हालाही सांगू नका.' आणि फोनचे अपडेट? ते फोनच्या सेटिंगमध्ये आपण स्वतः जाऊन करायचे, कुणी निरोपातून बोलावले म्हणून नाही. हे काही चिठ्ठीत मावले नाही, म्हणून तोंडी सांगतो. अपडेट करणे सोडू नका, एवढेही सांगतो, तेव्हा लोक संशयाने माझ्याकडे बघतात.

गुरुजी परवा पुन्हा आले. चष्मा लावून सगळी चिठ्ठी वाचली आणि पासबुक पुढे न करता म्हणाले, "आधी तुझं ओळखपत्र दाखव."

दाखवले. त्यावरचा फोटो नोकरीला लागतानाचा. गुरुजींनी तो बराच वेळ निरखला, मग माझ्या डोक्याकडे पाहिले.

"हा तू नाहीस गा," ते म्हणाले. "याला केस आहेत."

आणि पासबुक परत पिशवीत घालून ते शेजारच्या काउंटरच्या रांगेत जाऊन उभे राहिले.